भूकंप कोयनेला, अंधार कुणाच्या शिवारात? वीजटंचाईचा हिशेब आणि नगर जिल्ह्यातली वाडी-वस्ती

अहिल्यानगर : भूकंप झाला की पहिली बातमी पडलेल्या घरांची येते. दुसरी येते जखमींची. तिसरी बातमी सहसा कुणी देत नाही, ती लोकांना आपोआप कळते : लाईट गेली. ज्या गावात भिंतीला साधी चीरही गेलेली नाही, तिथलीही लाईट जाते. मग सुरू होते ती पाळी. दोन तास आहे, चार तास नाही. आज आमची, उद्या तुमची.

साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात जमीन हलली तर नेवाशातली मोटार का बंद पडावी, हा प्रश्न वरवर विचित्र वाटतो. पण महाराष्ट्राने हे एकदा अनुभवलेले आहे. आज वीजजाळे तेव्हापेक्षा कितीतरी मोठे आणि मजबूत आहे. मात्र टंचाई आली की कोणाची वीज आधी कापायची, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाइतकेच अवघड आहे. आणि त्या उत्तराचा थेट संबंध आपल्या डीपीशी आहे.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट

त्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास कोयनानगर परिसरात ६.५ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० लोक दगावले, दोन हजारांहून जास्त जखमी झाले. कोयनानगरच्या वसाहतीतली बहुतेक घरे पडली किंवा राहण्यालायक राहिली नाहीत. धक्का मुंबई, पुणे, गोव्यापर्यंत जाणवला.

धरण टिकले, पण त्याला भेगा पडल्या. पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत करण्यात आले. मात्र त्या पहाटे डोंगराच्या पोटातल्या वीजगृहातले संच बंद पडले. कोयना ही तेव्हा राज्याच्या विजेचा मोठा आधार होती आणि मुंबई-पुण्याचे कारखाने तिच्यावर चालत होते. घरे पडली पाटण खोऱ्यात, यंत्रे थांबली शेकडो किलोमीटर दूर.

त्यानंतर २६ वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिव भागात जवळपास दहा हजार माणसे गेली. गणपती विसर्जनाची रात्र संपून लोक नुकतेच झोपले होते. तिथे मोठे वीजकेंद्र नव्हते, म्हणून राज्यभर टंचाई झाली नाही. म्हणजे भूकंप किती मोठा यापेक्षा तो कशाच्या खाली झाला, यावर अंधार किती पसरतो हे ठरते.

आपल्या जिल्ह्याने मोठा भूकंप पाहिलेला नाही. पण संगमनेरच्या पठार भागात, बोटा-घारगाव परिसरात, गेल्या काही वर्षांत सौम्य धक्के जाणवले आहेत. घाबरण्याचे कारण नाही. मात्र ‘आपल्याकडे काही होत नाही’ असे म्हणून विषय सोडून देण्याचेही कारण नाही.

विजेचा तराजू

वीज साठवून ठेवता येत नाही, निदान मोठ्या प्रमाणात अजून तरी नाही. ज्या क्षणी राज्यात जितकी वीज वापरली जाते, त्याच क्षणी तितकी तयार व्हावी लागते. तराजूची दोन पारडी समान ठेवण्यासारखे हे काम आहे. नवी मुंबईत ऐरोलीला राज्य भारप्रेषण केंद्र आहे. तिथे चोवीस तास हेच पाहिले जाते.

तराजूचा काटा म्हणजे ‘फ्रिक्वेन्सी’. देशात ती ५० हर्ट्झ ठेवली जाते. मोठे केंद्र अचानक बंद पडले की निर्मिती कमी, वापर तेवढाच, म्हणून काटा खाली येतो. तो ४९.४ च्या आसपास उतरला की ठिकठिकाणी बसवलेली यंत्रणा माणसाची वाट न पाहता काही वाहिन्या आपोआप तोडते. हे केले नाही तर एकामागून एक केंद्रे बंद पडतात आणि सगळे जाळेच झोपते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारतात असेच झाले होते. साठ कोटींच्या वर लोक अंधारात गेले. आपला पश्चिम विभाग त्यातून वाचला.

म्हणजे भारनियमन हा नुसता त्रास नाही, तो बचावही आहे. थोड्यांची वीज थोडा वेळ तोडून सगळ्यांची वाचवायची. प्रश्न एवढाच की ते ‘थोडे’ नेहमी कोण असतात?

आज कोयना बंद पडली तर?

कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची क्षमता आज १,९६० मेगावॅट आहे. एकट्या महावितरणची मागणी उन्हाळ्याच्या तोंडाशी २५ हजार मेगावॅटच्या पुढे जाते. म्हणजे १९६७ इतके आपण कोयनेवर अवलंबून नाही. शिवाय आता देशभराचे जाळे एकच आहे. दक्षिण विभाग ३१ डिसेंबर २०१३ ला जोडला गेला आणि ‘एक देश, एक फ्रिक्वेन्सी’ झाली. इथे कमी पडली तर छत्तीसगडची, गुजरातची वीज येऊ शकते.

तरीही दोन अडचणी उरतात. पहिली, कोयना ही संध्याकाळची वीज आहे. कोळशाचे केंद्र गरम व्हायला तास लागतात, पाण्याचे केंद्र काही मिनिटांत सुरू होते. सूर्य मावळला की सौर वीज जाते, घराघरात दिवे-टीव्ही लागतात आणि नेमकी तेव्हा कोयना लागते. त्या वेळी ती नसेल तर खड्डा सकाळच्या मानाने जास्त जाणवेल.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. भूकंपात धरणापेक्षा उपकेंद्रे लवकर मोडतात. उपकेंद्राच्या आवारात उभे असलेले चिनी मातीचे इन्सुलेटर आणि ट्रान्सफॉर्मरवरचे बुशिंग हे धक्क्याला सगळ्यात नाजूक असतात. तैवानमध्ये २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपात हेच झाले. बेटाच्या दक्षिणेकडे वीज होती, पण ती उत्तरेकडे नेणारे मधले चुंगलियाओचे उपकेंद्र मोडले. उत्तरेला पाळीपाळीने वीज तोडावी लागली. माल होता, रस्ता तुटला होता.

आपल्या जिल्ह्यात राहाता तालुक्यातले बाभळेश्वरचे ४०० केव्हीचे उपकेंद्र असेच मोक्याचे आहे. अशा ठिकाणी बिघाड झाला तर राज्यात वीज असूनही आजूबाजूच्या तालुक्यांत ती पुरवणे अवघड होते. त्यामुळे ‘कोयना लांब आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

आधी कोणाची लाईट जाते?

२००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली. त्यानंतरची सहा-सात वर्षे ग्रामीण भागाला चांगली आठवतात. बारा-बारा तास लाईट नसायची. त्या काळात नियम ठरला : ज्या वाहिनीवर गळती आणि थकबाकी जास्त, तिथे भारनियमन जास्त. वाहिन्यांचे अ, ब, क, ड असे गट पडले. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईने राज्यात पुन्हा भारनियमनाची वेळ आली तेव्हाही जास्त हानीच्या गटांपासूनच सुरुवात झाली.

या नियमामागे तर्क आहे. जो बिल भरतो त्याला वीज का नाही, हा प्रश्न योग्यच आहे. पण गट वाहिनीचा ठरतो, माणसाचा नाही. एकाच फीडरवर नियमित बिल भरणारा आणि आकडा टाकणारा दोघे असतात. लाईट दोघांची जाते. शहरातल्या वाहिनीवर गळती कमी दिसते, कारण तारा आखूड आणि ग्राहक दाट. शिवारातली वाहिनी मैलोनमैल लांब असते, तिची काही हानी तारेतच होते. त्याचा दोष शेवटच्या डीपीवरच्या शेतकऱ्याचा नाही.

शेतीपंपाला आजही दिवसा किंवा रात्री आठ तास, आठवड्याच्या पाळीने वीज मिळते. रात्रपाळी म्हणजे काय, हे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. थंडी, साप, आणि आता उसातला बिबट्या. ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी म्हणून जोर धरते आहे. म्हणजे शेतकरी आपत्तीशिवायही कायम पाळीतच जगतो. आपत्ती आली की त्याच पाळीतून आणखी कापले जाते.

जपानने काय केले, काय चुकले

११ मार्च २०११ ला जपानमध्ये ९.० तीव्रतेचा भूकंप आणि त्सुनामी आली. फुकुशिमासह अनेक केंद्रे एकदम बंद पडली. टोकियो परिसराला वीज देणाऱ्या टेपको कंपनीने १४ मार्चपासून पाळीपाळीने वीज तोडायला सुरुवात केली. भाग पाच गटांत वाटले, एका वेळी साधारण तीन तास. वेळापत्रक आधी जाहीर.

कागदावर हे उत्तम होते. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी घोळ झाला. वेळा जाहीर झाल्या, मग बदलल्या, काही ठिकाणी रद्द झाल्या. लोकल गाड्या थांबल्या. रस्त्यावरचे सिग्नल बंद पडून अपघात झाले. भूकंपाने आधीच झोडपलेल्या इबाराकीसारख्या भागातही सुरुवातीला वीज तोडली गेली आणि टीका झाल्यावर ते भाग वगळावे लागले. टोकियो शहराचा मधला भाग मात्र जवळपास पूर्ण वगळलेला होता. आसपासच्या जिल्ह्यांना हे खटकले. शहर वाचते, कडेचे लोक सोसतात, ही तक्रार फक्त आपल्याकडची नाही.

आणखी एक गोष्ट. जपानच्या पूर्व भागात वीज ५० हर्ट्झची, पश्चिम भागात ६० ची. पश्चिमेकडे वीज असूनही ती बदलून पाठवायची सोय जेमतेम एक हजार मेगावॅटची होती. आपल्याकडे ही अडचण नाही.

मार्च संपेपर्यंत पाळीची वीजतोड थांबली. उन्हाळ्यात मोठ्या कारखान्यांना १५ टक्के वापर कमी करण्याचे कायदेशीर बंधन घातले गेले. कारखान्यांनी सुट्ट्या बदलल्या, घरांनी एसी कमी केले. उन्हाळा पाळीच्या वीजतोडीशिवाय निघाला. धडा सरळ आहे : अचानक तोडण्यापेक्षा सांगून कमी करणे सगळ्यांना परवडते. पण त्यासाठी ओझे मोठ्या वापरकर्त्यावरही टाकावे लागते.

जिल्ह्याच्या हातात काय आहे?

नगर जिल्हा विजेच्या बाबतीत अगदी रिकामा नाही. अकोले तालुक्यात भंडारदरा धरणावर जलविद्युत केंद्रे आहेत. त्याच तालुक्यात घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. तिथे जास्तीची वीज असते तेव्हा खालचे पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. ही पाण्याची बॅटरीच आहे. पण बॅटरी भरायलाही वीज लागते. टंचाई लांबली तर तिचा उपयोग कमी होत जातो.

पारनेरला कवड्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. साखर कारखान्यांचे सहवीज प्रकल्प गळीत हंगामात वीज देतात, हंगाम संपला की थंड. राळेगणसिद्धीत मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा सुरुवातीचा प्रकल्प झाला. आता योजनेचा दुसरा टप्पा चालू आहे आणि शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर आणून दिवसा पुरवठा करण्याचे उद्दिष्ट आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गावाजवळ सौर प्रकल्प आहे किंवा घरावर सौर पॅनेल आहेत, म्हणून लाईट गेल्यावर ती वीज आपोआप मिळत नाही. जाळ्याला जोडलेले इन्व्हर्टर, जाळे बंद झाले की स्वतःही बंद होतात. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तसे करणे भाग आहे. बॅटरी असेल तरच घरात उजेड राहतो. मात्र ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेतला स्वतंत्र पंप तारेशी जोडलेला नसतो. ऊन आहे तोवर तो चालतो. मोठ्या टंचाईत गावाला प्यायचे पाणी देऊ शकेल अशी ही एक गोष्ट आज शिवारात उभी आहे. असे पंप कोणत्या विहिरीवर आहेत, याची यादी ग्रामपंचायतीकडे असायला काय हरकत आहे?

या जिल्ह्याला वीज वाटपाचा स्वतःचा अनुभवही आहे. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था कित्येक वर्षे पाच तालुक्यांतल्या गावांना वीज देत होती. २०११ मध्ये ते काम महावितरणकडे गेले. संस्थेच्या थकबाकीवर आणि कारभारावर वाद झाले, ते वेगळे. पण वीज वाटप हा गावकऱ्यांच्या आवाक्याबाहेरचा विषय नाही, एवढे त्यातून दिसते.

गावात आधी काय अडते

पाणी. नळपाणी योजनेची विहीर बऱ्याच ठिकाणी तळ्याकाठी, शिवारात असते आणि तिची मोटार शेतीच्या फीडरवर असते. शेतीची पाळी कापली की गावाचे पाणीही कापले जाते. मोटार कोणत्या फीडरवर आहे, हे सरपंच आणि ग्रामसेवकांनी आजच पाहून ठेवावे.

दूध. धार काढल्यावर तीन-चार तासांत दूध थंड झाले पाहिजे. संध्याकाळचे संकलन आणि संध्याकाळची टंचाई एकाच वेळी येते. बल्क कूलरला जनरेटर असतो, पण डिझेल किती दिवसांचे, हा खरा प्रश्न आहे.

फोन. मोबाईलचा टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, मग जनरेटरवर. डिझेल पोचले नाही तर रेंज जाते. भूकंपानंतर सगळे एकदम फोन लावतात, त्याने बॅटरीही संपते आणि लाईनही अडते. अशा वेळी मेसेज लवकर जातो.

दवाखाना. प्राथमिक आरोग्य केंद्रातली लस थंड राहायला हवी. घरी ऑक्सिजन यंत्रावर असलेला रुग्ण कुठल्या वस्तीवर आहे, हे आशाताईंना माहीत असते. ती माहिती वायरमनपर्यंत पोचलेली असते का?

लाईट येते तेव्हाचा धोका

टंचाईत डीपी जळतात ते लाईट गेल्यामुळे नव्हे, लाईट आल्यामुळे. बहुतेक मोटारींना ऑटोस्विच असतो. चार तासांनी वीज आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. थेट सुरू होणारी मोटार पहिल्या काही सेकंदांत नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते.

हिशेब पाहा. १०० केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या १५ मोटारी असतील, तर कॅपॅसिटर नसताना चालू भार ८० केव्हीएच्या आसपास जातो. चांगले कॅपॅसिटर बसवले तर तोच भार ७० पर्यंत येतो. पण सगळ्या एकदम सुरू झाल्या तर काही सेकंद तो डीपीच्या क्षमतेच्या कितीतरी वर जातो. फ्यूज उडतो. कुणीतरी जाड तार घालतो. पुढच्या वेळी डीपीच जातो.

नियामक आयोगाच्या निकषाप्रमाणे ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलायचे असते. पण भूकंपानंतर शेकडो ठिकाणी काम निघाले असेल, तर आपला नंबर कधी लागेल? म्हणून आपला डीपी वाचवणे हे आपलेच काम ठरते. ऑटोस्विच काढणे, कॅपॅसिटर बसवणे, आणि डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपसात पाळी ठरवणे. हे नवे नाही. भारनियमनाच्या काळात ‘अक्षय प्रकाश योजने’त अनेक गावांनी संध्याकाळी स्वतःहून मोटारी बंद ठेवल्या आणि त्या बदल्यात घरात उजेड मिळवला. ज्या गावात एकी होती तिथे ते चालले. ज्या गावात दोघा-तिघांनी चोरून मोटार लावली, तिथे मोडले.

मागायचे काय?

आंदोलन, रास्ता रोको आपल्याकडे होतातच. पण मागणी नेमकी असेल तर उत्तरही नेमके द्यावे लागते. मोठी टंचाई आली तर कोणते फीडर कोणत्या क्रमाने बंद होणार, ते आधी जाहीर व्हावे. वेळापत्रक गावाच्या ग्रुपवर आदल्या संध्याकाळपर्यंत यावे आणि बदल झाला तर तोही कळवावा. पाणी योजना, आरोग्य केंद्र, दूध संकलन यांच्या वाहिन्या आधी ओळखून ठेवाव्यात. शेतीचा कपात झालेला वेळ रात्री नव्हे, दिवसा भरून द्यावा. आणि कपातीत शहर व उद्योगाचा वाटा किती, तो आकडा दाखवावा.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात भूकंप, पूर, दुष्काळ यांची पाने असतात. त्यात तालुकानिहाय विजेचे एक पान जोडायला फार खर्च नाही. ग्रामसभेत हा विषय घ्यायला तर काहीच खर्च नाही.

भूकंप कधी होईल हे कुणी सांगू शकत नाही. भूकंपानंतर तार तुटलेली दिसली तर तिच्याजवळ न जाता १९१२ वर कळवायचे, घरातला मेन स्विच बंद करायचा, लाईट आल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून मोटार लावायची, एवढे मात्र प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. बाकीचे ठरवायला डीपीवरचे पंधरा जण एका ओट्यावर बसले पाहिजेत. ते लाईट असताना बसले तर बरे.